शहापूरच्या गच्चीवरून सूर्य: घरी बांधलेल्या स्पेक्ट्रोहेलिओग्राफचा अनुभव

आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या शाळेतील नववीच्या वर्गात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला: ते यान सूर्याचे जे रूप पाहणार आहे, त्यातले काही आपल्याला बेळगावातून दिसेल का? मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लहान दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून डाग दाखवण्याचा प्रयोग आम्ही दरवर्षी करतो, आणि तो चांगला प्रयोग आहे. परंतु सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरचा तांबूस थर, म्हणजे वर्णावरण, त्यातल्या ज्वाला आणि काळे तंतू त्या कागदावर कधीच येत नाहीत, कारण हा थर हायड्रोजनच्या एका ठरावीक लाल रेषेत, ६५६२.८ अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) तरंगलांबीला, उठून दिसतो आणि बाकीच्या प्रखर प्रकाशात बुडून जातो. ती रेषा वेगळी करणाऱ्या तयार दुर्बिणी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळा निधीच्या आवाक्यातल्या नव्हत्या. म्हणून आम्ही चार शिक्षकांनी पदरमोड करून हे उपकरण घरी बांधायचे ठरवले. ते करताना मला ज्या गोष्टी कोणी सांगायला हव्या होत्या असे वाटले, त्या इथे क्रमाने लिहीत आहे.

उपकरणाचे नाव स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल आणि फ्रान्समध्ये आंरी देलांद्र यांनी ते स्वतंत्रपणे विकसित केले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात कोडाईकनालच्या वेधशाळेत त्याच तत्त्वाने सूर्याची चित्रे घेणे सुरू झाले. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची उपकरणेही कोडाईकनाललाच गेली. तत्त्व असे आहे की दुर्बिणीने पाडलेल्या सूर्यप्रतिमेवर एक अतिशय अरुंद फट ठेवायची, फटीतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट पसरवायचा, त्यातली हवी ती एकच रेषा उचलायची, आणि फट सूर्यावरून सरकत जाईल तशा त्या रेषेच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावत पूर्ण चित्र उभे करायचे. विद्यार्थ्यांना मी हे सांगताना म्हणते की बंद दाराच्या फटीतून गणपतीची मिरवणूक पाहिली, तर कोणत्याही क्षणी एक उभी चीरच दिसते, पण सगळ्या चिरा क्रमाने जोडल्या की अख्खी मिरवणूक मिळते. पूर्वी हे जोडणे यांत्रिक पद्धतीने काचेच्या फोटोप्लेटवर होत असे. आज ते काम संगणक करतो, आणि घरगुती बांधणी शक्य झाली ती यामुळेच.

या भागातल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपल्या शेजारच्या जमखंडीत, त्या वेळच्या पटवर्धनांच्या संस्थानात, तळ ठोकला होता. ढगांची ये-जा चालू असतानाही त्यांनी वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालेत सुट्या तेजस्वी रेषा पाहिल्या, म्हणजेच ज्वाला तप्त वायूची असते हे त्यांना दिसले. त्याच ग्रहणात गुंटूरला असलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांना दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या रेषा पाहता आल्या, आणि ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच केले. फटीने सूर्याच्या कडेचा प्रकाश पसरवला की ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, हे तेव्हा कळले. आमचे उपकरण त्याच कल्पनेवर चालते. जमखंडीचा हा उल्लेख मी वर्गात केला तेव्हा मुलांचा चेहरा आदित्य-एल१ पेक्षा जास्त खुलला, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

आराखड्यासाठी आम्ही फ्रान्समधील हौशी खगोल-वर्णपटतज्ज्ञ ख्रिस्तियाँ ब्युइल यांचा सोलएक्स हा खुला आराखडा निवडला. त्याचे भाग त्रिमितीय छपाईने करायचे असतात आणि छपाईच्या फाइल्स मोफत मिळतात. प्रकाशीय भाग मात्र विकत घ्यावे लागतात: १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) रुंद आणि साडेचार मिलिमीटर लांब फट, फटीतला प्रकाश समांतर करणारे ८० मि.मी. नाभीय अंतराचे कॉलिमेटर भिंग, १२५ मि.मी.चे कॅमेऱ्यापुढचे भिंग, आणि प्रकाश रंगांत पसरवणारे, मिलिमीटरला २४०० रेषा असलेले ग्रेटिंग. ग्रेटिंग आणि फट भारतात वेगवेगळे शोधण्याचा प्रयत्न आम्ही ऑक्टोबरभर केला. किरकोळ ग्राहकाला एकच नग द्यायला कोणी तयार नव्हते, किंवा भाव ऐकून आम्हीच मागे आलो. शेवटी दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात, पूर्ण संच युरोपातून मागवला. त्याची किंमत रुपयांत सुमारे सत्तावीस हजार पडली.

संपूर्ण प्रकरणातला सर्वांत दमवणारा भाग यानंतर आला, आणि त्याचा प्रकाशशास्त्राशी काही संबंध नव्हता. पार्सल दहा-बारा दिवसांत मुंबईत पोहोचले आणि तिथे थांबले. कुरियर कंपनीकडून केवायसीची मागणी आली. आधार आणि पॅन दोन्ही हवे होते, आणि माझ्या पॅनवर माहेरचे नाव, तर आधारवर सासरचे नाव आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागला, तो कन्नडमध्ये असल्यामुळे त्याचा इंग्रजी अनुवाद नोटरीकडून करून घ्यावा लागला. त्यानंतर दुसरा प्रश्न आला. बिलावर नुसते "ऑप्टिकल पार्ट्स" असे लिहिलेले होते, तेव्हा हे नेमके काय आहे, व्यापारासाठी आहे का, हे लेखी कळवा. मी वस्तूंचे एकेक करून वर्णन, त्यांचा उपयोग, आराखड्याचे चित्र आणि बँकेचा पैसे दिल्याचा पुरावा असे सगळे एका पीडीएफमध्ये पाठवले, सोबत वैयक्तिक वापराचे स्वाक्षरीचे प्रतिज्ञापत्र जोडले. वैयक्तिक वापरासाठीच्या आयातीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, लागत नाही; तरीही फोनवर बोलणाऱ्या प्रतिनिधींनी तो प्रत्येक वेळी मागितला, आणि प्रत्येक वेळी शांतपणे तेच उत्तर द्यावे लागले. जानेवारीच्या मध्यावर शुल्काचा आकडा आला. सीमाशुल्क, अधिभार आणि आयजीएसटी मिळून तो वस्तूंच्या किमतीच्या तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक होता. कुरियरचे हाताळणी शुल्क आणि गोदामभाडे धरून संच घरी येईपर्यंत पन्नास हजारांना भिडला. हे दर बदलत असतात, म्हणून मागवण्याआधी त्या महिन्याचा दर पाहून घ्यावा आणि अंदाजपत्रकात वस्तूच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवावी. ज्यांच्या दोन ओळखपत्रांवर वेगळी नावे आहेत, त्यांनी ऑर्डर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने द्यावी. विक्रेत्याला आधीच सांगून बिलावर प्रत्येक भागाचे नाव, संख्या आणि किंमत वेगळी लिहून घेतली, तर निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

वाट पाहण्याचे हे आठवडे छपाईत गेले. माझा भाचा इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याने फाइल्स तपासून टिळकवाडीतल्या एका दुकानात ग्रॅमवारी दराने छपाई करून घेतली. छपाईसाठी पीएलए हे प्लास्टिक न घेता पीईटीजी हे प्लास्टिक घ्यावे. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि एप्रिलच्या उन्हात काळी पेटी किती तापते हे गच्चीवर अनवाणी गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. पीईटीजी ऐंशी अंशांपर्यंत तग धरते. पहिल्या खेपेचे झाकण एका कोपऱ्यात उचललेले निघाले, त्यातून प्रकाश आत येत होता, म्हणून दुकानदाराने ते विनातक्रार पुन्हा छापून दिले. काळे पीईटीजीही आतून चकाकते. त्यावर आम्ही शाळेच्या फळ्याला देतो तो मंद काळा रंग दोन थरांत लावला, आणि तो पूर्ण वाळून वास जाईपर्यंत भिंगे आत बसवली नाहीत. दुर्बीण आणि पेटी जोडणारी कडी प्लास्टिकची न करता ॲल्युमिनियमची करून घेतली, कारण सगळ्या कॅमेऱ्याचे वजन तिथे लोंबकळते. उद्यमबागेत लेथचे काम करणाऱ्या एका काकांनी नकाशा पाहून आधी विचारले, "काय करालायसा बाई हे?" आणि सूर्याचे नाव निघाल्यावर आमचा तुकडा रांगेत पुढे घेतला. नऊशे रुपये आणि दोन दिवस. ज्या शहरात इतक्या फाउंड्री आणि यंत्रशाळा आहेत, तिथे असे अचूक काम सहज होते, ही बेळगावकरांची मोठी सोय आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांना अशा एकेका कडीसाठी किती फिरावे लागते ते मी ऐकले आहे.

दुर्बीण म्हणून ७० मि.मी. व्यासाची, ४०० मि.मी. नाभीय अंतराची साधी प्रवासी दुर्बीण घेतली, साडेसात हजारांत. इथे नाभीय अंतराला महत्त्व आहे. सूर्यप्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे एकशेसातवा भाग असतो, म्हणजे ४०० मि.मी.ला पावणेचार मिलिमीटरच्या आसपास. फट साडेचार मिलिमीटरची असल्यामुळे पूर्ण सूर्य एका झेपेत मावतो. साडेचारशेपलीकडे गेल्यास दोन्ही बाजूंना जागा उरत नाही. कॅमेरा जुना घेतला, २.४ मायक्रॉन पिक्सेलचा, एकरंगी, सोळा हजारांना. रंगीत कॅमेरा या कामाला घेऊ नये, कारण त्याच्या पिक्सेलवर बसवलेल्या गाळण्यांमुळे एकाच रंगाच्या प्रकाशात बहुतेक पिक्सेल वाया जातात.

फेब्रुवारीच्या शेवटी जुळवाजुळव सुरू झाली आणि लगेच परीक्षा आल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुटी लागली, तर लोकसभा निवडणुकीचे प्रशिक्षण समोर उभे राहिले. आमच्या जिल्ह्यात मतदान ७ मे २०२४ ला होते आणि आम्ही चौघेही मतदान केंद्रांवर होतो. या मधल्या तुटक वेळेत जे जमले, ते सगळे घरातल्या उत्तरेच्या खिडकीपाशी जमले, आणि हीच माझी पहिली महत्त्वाची सूचना आहे. उपकरण सूर्यासमोर नेण्याची घाई करू नये. दुर्बीण न लावता नुसती पेटी उजळ आकाशाकडे, सूर्यापासून लांब, रोखली तरी कॅमेऱ्यात सूर्यप्रकाशाचा पूर्ण वर्णपट काळ्या रेषांसह दिसतो, कारण आकाशाचा प्रकाश हा विखुरलेला सूर्यप्रकाशच असतो. खोलीत बसून, संगणकाचा पडदा नीट दिसत असताना, घाम न गाळता सगळी जुळणी तिथे होते.

ग्रेटिंग फिरवणारी मूठ हळूहळू वळवली की आधी जांभळा, निळा, मग हिरवा भाग येतो. हिरव्यात मॅग्नेशियमच्या ५१६७, ५१७३ आणि ५१८४ अँगस्ट्रॉमच्या तीन रेषा ओळखू येतात, पिवळ्यात सोडियमची ५८९० आणि ५८९६ ची जोडी, आणि त्यापुढे लाल भागात रुंद, मऊ कडांची, एकटी उभी असलेली हायड्रोजनची रेषा. तिच्या आजूबाजूला बारीक, धारदार रेषा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच सूर्याच्या नसून आपल्याच हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या असतात. दमट दिवशी त्या ठळक होतात. फोकस जुळवायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही, कारण हायड्रोजनची रेषा मुळातच मऊ असते आणि तिच्याकडे पाहून काही कळत नाही.

कॅमेरा असा फिरवावा की रेषा पडद्यावर आडव्या येतील. फटीवर धूळ असेल, तर तिच्या सावल्या उभ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. आडव्या रेषा आणि उभे पट्टे दोन्ही एकाच वेळी तीक्ष्ण दिसले, म्हणजे फट कॉलिमेटर भिंगाच्या नाभीवर बरोबर आहे. एक तीक्ष्ण आणि दुसरे पसरट असेल, तर कॉलिमेटर थोडे पुढे-मागे सरकवावे लागते आणि मग कॅमेऱ्यापुढच्या भिंगाचा फोकस पुन्हा करावा लागतो. या दोन भिंगांच्या वाटाघाटीत आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. ग्रेटिंगच्या पृष्ठभागाला बोट, कापड, फुंकर काहीही लागू देऊ नये. ते बसवताना आम्ही तोंडाला मास्क आणि हातात मोजे घातले होते.

उष्णतेचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ७० मि.मी.चे पूर्ण छिद्र उघडे ठेवून सूर्य फटीवर आणला, तर तिच्या आसपासचे प्लास्टिक तापते. आम्ही दुर्बिणीच्या तोंडावर ४० मि.मी. भोकाचे झाकण बसवले. त्याने प्रकाश सुमारे एक तृतीयांश उरतो. तपशील मात्र जात नाही, कारण ४० मि.मी. छिद्राची लाल प्रकाशातली विभेदनक्षमता चार विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) आसपास येते आणि १० मायक्रॉनची फट ४०० मि.मी.ला तशीही पाच विकलांची असते, म्हणजे सूर्यावर साधारण पावणेचार हजार किलोमीटर. फटच आडवी येत असताना मोठ्या भिंगाचा उपयोग नाही. दोन चित्रणांच्या मध्ये तोंडावर पूर्ण झाकण लावायचे, ही शिस्त मात्र मोडू नये.

सुरक्षिततेबद्दल यापेक्षा कडक शब्दांत लिहिते. या दुर्बिणीला आम्ही नेत्रिका कधीच लावत नाही, आणि शोधक दुर्बीण काढूनच टाकली आहे. छिद्र कितीही लहान केले, तरी भिंगातून सूर्याकडे डोळा लावणे म्हणजे डोळा गमावणे आहे. सूर्य साधायचा तो नळीच्या सावलीवरून. सावली सर्वांत आखूड आणि गोल झाली की नळी सूर्याकडे वळलेली असते. मुले आसपास असतील तर एक मोठी व्यक्ती फक्त दुर्बिणीजवळ उभी राहण्यासाठी ठेवावी.

आता मोटारीचा प्रश्न. परदेशातले बहुतेक हौशी लोक मोटार असलेल्या स्टँडने सूर्यावरून फट वेगाने फिरवतात. तसा स्टँड आमच्या सगळ्या उपकरणापेक्षा महाग होता. परंतु पृथ्वी फिरतेच आहे. दुर्बीण सूर्याच्या किंचित पश्चिमेला रोखून घट्ट बसवली आणि हात काढून घेतला, तर सूर्य स्वतःच्या गतीने फटीवरून सरकत जातो आणि त्याला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. सेकंदाला वीस चित्रे घेतली, तरी त्या वेळात पुरेशा पट्ट्या मिळतात. पूर्ण चौकट न घेता रेषेभोवतीच्या शंभर ओळीच नोंदवाव्यात, तरीही एसईआर या चित्रफितीच्या प्रकारची एक फाइल दोन जीबीच्या घरात जाते, त्यामुळे संगणकात एसएसडी हवी. खानापूरच्या ओळखीच्या सुताराने जुन्या सागवानी चौकटीतून तीन पायांचे जड स्टँड करून दिले, उंची आणि दिशा बदलण्यासाठी दोन लांब आटे बसवून, चोवीसशे रुपयांत. कॅमेऱ्याच्या हलक्या तिपाईपेक्षा ते शंभर पटीने बरे आहे, कारण या सव्वादोन मिनिटांत वाऱ्याने नळी थरथरली की चित्रातल्या सूर्याची कड करवतीसारखी निघते. फट सूर्याच्या चालीला काटकोनात हवी. पेटी फिरवून ते साधायचे, आणि वर्णपटाची पट्टी सूर्य येताना आणि जाताना पडद्यावर त्याच जागी मध्यावर राहते का ते पाहायचे. थोडी तिरकस राहिली, तर संगणक सांभाळून घेतो.

९ मे २०२४ ला सकाळी बेळगावातल्या शहापूरच्या गच्चीवर पहिले चित्र मिळाले. मतदानाच्या कामाचा शीण अजून उतरला नव्हता, पण सूर्यावर त्या आठवड्यात ३६६४ क्रमांकाचा प्रचंड डागसमूह होता आणि दुपारनंतर वळिवाचे ढग जमत होते, तेव्हा थांबण्यात अर्थ नव्हता. मे महिन्याच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो आणि आमचे स्टँड तिथवर वळत नाही, शिवाय काँक्रीट तापल्यावर हवा उकळू लागते. म्हणून काम सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानच उरकायचे. चित्रण शार्पकॅप या प्रणालीत केले आणि फाइल व्हालेरी देनू यांच्या इंटी या मोफत प्रणालीत टाकली. ती प्रत्येक चौकटीतली रेषा शोधते, तिचा किंचित बाक मोजते, तिच्या तळाची, म्हणजे सर्वांत काळी, पिक्सेल उचलते आणि ओळीने लावते. काही सेकंदांनी पडद्यावर करडा गोल उमटला, बराच ओरखडलेला, पण त्यात दक्षिणेकडे ३६६४ चे तेजस्वी चट्टे होते, एक लांब काळा तंतू होता आणि कडेवर दोन ज्वाला होत्या. भाचा म्हणाला, "मावशी, हा आपला आहे ना नक्की? नेटवरचा नाही ना?" दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, त्याच डागसमूहातून निघालेल्या उद्रेकांमुळे पृथ्वीवर २००३ नंतरचे सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आले आणि लडाखमध्ये हान्ले येथून आकाश लाल झालेले टिपले गेले. आमच्या आठवीच्या मुलांच्या व्हॉट्सॲपवर ती छायाचित्रे फिरत होती. सुटी असतानाही दोघे-तिघे घरी येऊन "तो डाग" पाहून गेले.

चित्रावरचे आडवे ओरखडे धुळीचे होते. फटीवर चिकटलेला एक कण सूर्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ ओढतो. फट काचेवर क्रोमच्या थरात कोरलेली असल्यामुळे आधी रबरी फुग्याने हवा मारून, तेवढ्याने न भागल्यास भिंगाच्या कागदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, फटीच्या दिशेने एकदाच, दाब न देता पुसावी. कॅनमधली दाबाची हवा टाळावी. उरलेल्या फिकट रेघा प्रणाली बऱ्याच अंशी घालवते. आमच्या भागातली तांबडी माती इतकी बारीक असते की पेटी गच्चीवर उघडायचीच नाही, असा आमचा नियम आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि सप्टेंबरअखेरपर्यंत काम बंद राहिले. इथल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. सगळे प्रकाशीय भाग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवले आणि जेल निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरले. या काळात जुन्या फाइल्सवर प्रक्रिया करून पाहणे, हा चांगला उद्योग आहे. एकाच फाइलमधून रेषेच्या मधोमधचे, किंचित निळ्या आणि किंचित लाल बाजूचे अशी वेगवेगळी चित्रे काढता येतात. निळ्या आणि लाल बाजूंच्या चित्रांची वजाबाकी केली की सूर्याचे स्वतःभोवतीचे फिरणे दिसते: पूर्व कड विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आणि पश्चिम कड तितक्याच वेगाने दूर जाते. यामुळे प्रत्येक कडेला रेषा जेवढी सरकते, तो फरक आमच्या कॅमेऱ्यावर एका पिक्सेलपेक्षाही कमी आहे, कारण एक पिक्सेल अँगस्ट्रॉमच्या सहा शतांशांच्या आसपास येतो, तरी तो उजळ आणि काळ्या अर्ध्या गोलांच्या रूपात स्वच्छ उतरला. डॉप्लर परिणाम, म्हणजे जवळ येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वस्तूच्या लहरींत होणारा बदल, मी कित्येक वर्षे रेल्वेच्या शिट्टीने शिकवत आले आहे; त्या वर्षापासून हे चित्र आधी दाखवते.

ऑक्टोबरपासून आकाश निवळले आणि त्या हंगामात कॅल्शियमची ३९३३.७ अँगस्ट्रॉमची के रेषाही घेऊन पाहिली. साध्या दुर्बिणीत जांभळ्या प्रकाशाचा फोकस लालपेक्षा बराच वेगळा येतो आणि कॅमेरा तिथे मंद असतो, म्हणून सगळे पुन्हा जुळवून उघडझापेचा (एक्सपोजरचा) वेळ वाढवावा लागतो. डागांभोवतीचे तेजस्वी पट्टे आणि पृष्ठभागावरची जाळी मात्र हायड्रोजनपेक्षा छान येते. कोडाईकनालच्या जुन्या चित्रांशी ताडून पाहायचे असेल, तर हीच रेषा घ्यावी; वर्णपटरेषांत घेतलेल्या चित्रांचा तिथला सर्वांत लांब संग्रह याच रेषेतला आहे.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या विज्ञान दिनाला शाळेच्या मैदानावर उपकरण लावायचे ठरले, तेव्हा मुख्याध्यापकांनी क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयाला कळवणे आवश्यक असल्याचे सांगितले, कारण शेजारच्या कन्नड शाळेचे विद्यार्थीही येणार होते. आमच्या कन्नडच्या शिक्षिकांनी अर्ज लिहून दिला. त्यात उपकरणाला डोळा लावला जात नाही, प्रतिमा फक्त संगणकाच्या पडद्यावर दिसते, आणि दुर्बिणीजवळ सतत एक शिक्षक असेल, ही तीन वाक्ये स्पष्ट घातली होती. परवानगी एका आठवड्यात मिळाली. असा अर्ज करणाऱ्यांनी ही वाक्ये अवश्य घालावीत, कारण सूर्य आणि दुर्बीण हे दोन शब्द एकत्र वाचले की कोणताही जबाबदार अधिकारी आधी डोळ्यांचाच विचार करतो, आणि तो रास्त आहे. कार्यक्रमात मुलांना सर्वांत जास्त आवडले ते पूर्ण चित्र नव्हे, तर सव्वादोन मिनिटे पडद्यावर सरकणारी रेषा: डाग आला की ती काळवंडते, चट्टा आला की उजळते, आणि ज्वाला आली की सूर्याच्या कडेबाहेर एक बारीक ठिणगी लोंबते. प्रत्यक्ष चालू स्थितीत दाखवायचे असेल, तर तयार चित्रांपेक्षा यावर भर द्यावा.

एकूण खर्च चौघांत मिळून ऐंशी हजारांच्या आसपास झाला. त्यातला चौथा हिस्सा निव्वळ शुल्क आणि करांचा आहे. जुना कॅमेरा किंवा दुर्बीण आधीच घरी असेल, तर हा आकडा बराच खाली येतो. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या कोणा शाळेला हे करायचे असेल, तर प्रकाशीय संच पावसाळा संपायच्या आत, ऑगस्टमध्येच मागवावा, म्हणजे कागदपत्रांत दोन-तीन महिने गेले तरी नोव्हेंबरचे स्वच्छ आकाश हाताशी राहते. ॲल्युमिनियमच्या कडीचा नकाशा, फळ्याच्या रंगाचे प्रमाण आणि सागवानी स्टँडची मापे आमच्या प्रयोगशाळेच्या वहीत आहेत. शाळेच्या वेळेत येऊन कोणीही उतरवून घ्यावीत.